कंपनीतील नोकरीचा ताळेबंद : अमळनेर ते सल्लागार संस्था

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण मराठी मुलखात इतकी रुळली आहे की तिची चिकित्सा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. खानदेशात तर तापी आणि गिरणा या नद्यांच्या काळ्या जमिनीमुळे तिला एक वेगळेच वजन होते. आज ही उतरंड पुरती उलटली आहे. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील कोणत्याही गावी लग्न जमवण्याची बोलणी ऐकावीत. मुलाच्या शेताची चौकशी नंतर होते, 'पोऱ्या कंपनीमा लागना' हे वाक्य आधी येते. कंपनी कोणती, तिथे मुलगा नेमके काय करतो, हे गावाला ठाऊक असतेच असे नाही. ती मोठी असावी आणि पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूत असावी, एवढे पुरते. त्यातही गेल्या दोन-तीन दशकांत एका निराळ्या प्रकारच्या कंपनीची भर पडली आहे. ती कापड विणत नाही, तेल गाळत नाही, पाइप ओतत नाही. ती सल्ला विकते. तिला आपण सल्लागार संस्था किंवा सरळ 'कन्सल्टन्सी' म्हणतो.

अशा संस्थेतील नोकरी चांगली की वाईट, या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे मिळतात. पालकांचे आणि करिअर-मार्गदर्शकांचे उत्तर पगाराच्या आकड्यात असते. साहित्याच्या वर्तुळातले उत्तर तुच्छतेत असते : ती भांडवलाची वेठ, तिथे माणसाचे यंत्र होते, इत्यादी. आम्ही मराठीचे अध्यापक असल्यामुळे दुसरे उत्तर आमच्या तोंडी सहज येते. परंतु ही दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात, कारण दोन्ही इतिहास विसरतात. 'कंपनी' ही वस्तू खानदेशाने दोनशे वर्षे जवळून पाहिली आहे. तिने काय दिले आणि काय घेतले, याच्या नोंदी आपल्याच अंगणात पडून आहेत. आजच्या सल्लागार संस्थेचा ताळेबंद मांडण्यापूर्वी त्या चाळणे उपयोगाचे ठरेल.

१. तीन शब्द

आरंभ शब्दांपासून करू. 'नोकर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'सल्ला' आणि 'मसलत' हे अरबी मुळाचे शब्द फारसीच्याच वाटेने मराठीत स्थिरावले. जुन्या कागदपत्रांत आणि बखरींत मसलत देणारा माणूस दरबाराचा भाग असतो. मसलत साधली तर त्याला इनाम मिळते, फसली तर तिचे परिणाम त्यालाही भोगावे लागतात. सल्ला देऊन दुसऱ्या गावी निघून जाण्याची सोय त्याला नसते. 'कंपनी' हा शब्द इंग्रजीतून आला; परंतु त्याचे मूळ लॅटिनमधील 'सह' आणि 'भाकरी' अशा अर्थाच्या दोन शब्दांत आहे. कंपनी म्हणजे मुळात एकत्र भाकरी खाणारे. आपल्या 'पंगत' या कल्पनेपासून ते फार दूर नाही.

या तीन शब्दांतून तीन कसोट्या निघतात. नोकरी म्हटली की विचारावे : आपला वेळ आणि आपली आज्ञा कोणाकडे गहाण आहे? सल्ला म्हटला की विचारावे : तो फसला तर परिणाम कोण भोगतो? आणि कंपनी म्हटली की विचारावे : भाकरीत आपला वाटा किती? पुढील विवेचनात या तिन्ही कसोट्या आम्ही हाताशी ठेवणार आहोत.

२. मोजणारे आणि मोजले जाणारे

खानदेशाचा कंपनीशी पहिला परिचय झाला तो 'कंपनी सरकार' या रूपात. १८१८ साली पेशवाई संपली आणि हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने कारभाराचे ठाणे धुळ्यास केले. १८२५ साली जेम्स आउट्रम याने भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगाव. 'कंपनीची नोकरी' हे शब्द खानदेशात ज्यांना अक्षरशः लागू पडतात, त्यांत या पलटणीतील भिल्ल शिपाई येतात. त्यांचा ताळेबंद पाहण्यासारखा आहे. जमेच्या बाजूला नियमित पगार, गणवेश, आणि कालपर्यंत ज्यांना दरोडेखोर म्हटले जाई त्यांना मिळालेली प्रतिष्ठा. खर्चाच्या बाजूला एकच, पण जड नोंद : सातपुड्यातील आपल्याच भाऊबंदांवर चालून जाण्याचे काम. मोठ्या संस्थेतील नोकरीचे गुणदोष हा विषय नवा नाही, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

दुसरा प्रसंग सल्ल्याच्या अधिक जवळचा आहे. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाची नवी पद्धत विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी घडवली. शेताची मोजणी, मातीची प्रतवारी, आणेवारीने ठरवलेले मूल्य आणि तीस वर्षांसाठी कायम केलेला सारा, अशी ती पद्धत. तिच्यात ज्ञान होते, कष्ट होते, आणि आधीच्या बेबंद वसुलीच्या तुलनेत काही न्यायही होता. तरीही १८५२ साली ही मोजणी खानदेशात आली तेव्हा सावदा, एरंडोल या भागांत लोक उठले आणि सरकारला शिपाई आणावे लागले. मोजणीमागून सारा वाढणार, ही लोकांची धास्ती होती.

हा प्रसंग केवळ अज्ञानी रयत विरुद्ध शहाणे साहेब असा वाचू नये. बाहेरून आलेला माणूस साखळी टाकतो, आकडे मांडतो, अहवाल लिहितो आणि पुढच्या तालुक्याला जातो. ज्याचे शेत मोजले गेले तो तिथेच राहतो. मोजणाऱ्याचे ज्ञान कितीही खरे असो, परिणाम भोगणारा तो नसतो. आजच्या सल्लागार संस्थेविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप नेमका हाच आहे.

३. गिरणी, शाळा आणि तत्त्वज्ञान

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिथल्या कापसाची निर्यात आटली आणि खानदेशच्या कापसाला अपूर्व भाव आला. त्याच दशकात आगगाडी आली. पुढच्या दशकात जळगावला कापडाची गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला प्रताप शेठ यांची प्रताप मिल सुरू झाली. कोरडवाहू शेतीतल्या माणसाला या गिरण्यांनी पहिल्यांदा महिन्याच्या ठरलेल्या दिवशी हाती पडणारा पैसा दाखवला. भोंग्यावर दिवस सुरू करण्याची शिस्तही त्यांनीच लावली. पगार आणि भोंगा हे दोन्ही एकाच फाटकातून आत आले, हे विसरता येत नाही.

अमळनेरचे वैशिष्ट्य असे की तिथे गिरणीचा नफा केवळ गिरणीत राहिला नाही. १९१६ साली प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. बोरी नदीकाठच्या या लहान गावात कृष्णचंद्र भट्टाचार्य, जी. आर. मलकानी, टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास अशी माणसे अद्वैत वेदान्ताची चर्चा करीत होती. कोणत्याही ग्राहकासाठी नसलेले, कोणत्याही मुदतीत न बांधलेले हे चिंतन गिरणीच्या पैशावर चालत होते.

साने गुरुजी अमळनेरला आले ते या तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्ताने. १९२४ साली ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृह सांभाळले, मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढले, 'विद्यार्थी' मासिक चालवले, आणि १९३० साली नोकरी सोडून सविनय कायदेभंगाच्या चळवळीत गेले. सहा वर्षांची ही नोकरी. साने गुरुजींचे चरित्र सांगताना आपण त्यांनी नोकरी सोडली यावर भर देतो. परंतु 'गुरुजी' ही उपाधी त्यांना मिळाली ती याच सहा वर्षांच्या नोकरीने. संस्थेने त्यांना मुले दिली, वसतिगृह दिले, लिहिण्याचा रोजचा सराव दिला. संस्थेत शिरणे आणि संस्थेतून बाहेर पडणे या दोन्ही कृती त्यांच्या जीवनात सारख्याच अर्थपूर्ण आहेत. मोठ्या कंपनीत लागू की नको, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही म्हणूनच दुसरा प्रश्न विचारतो : तिथून बाहेर पडताना तुझ्याबरोबर काय येईल?

४. १९४५ : एक कंपनी, दोन इतिहास

१९४५ हे वर्ष अमळनेरच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी प्रताप महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी नोंदवली. वनस्पती तूप आणि त्याच्या जोडउत्पादनातून कपड्याचा साबण, असा तिचा व्यवसाय. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि '७८७' साबण ही नावे जुन्या पिढीला आठवत असतील. १९६६ साली हाशम प्रेमजी वारले. स्टॅनफर्डला शिकत असलेले त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून परतले आणि कारभार हाती घेतला. १९७७ साली कंपनीच्या नावात 'विप्रो' हे लघुरूप आले. १९७८ मध्ये आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून बाहेर पडली. त्या मोकळ्या झालेल्या जागेत विप्रो संगणकाच्या व्यवसायात उतरली. ऑक्टोबर २००० मध्ये तिचे नाव न्यू यॉर्कच्या शेअरबाजारात झळकले.

वनस्पती तुपाची कंपनी सल्ल्याच्या व्यवसायात कशी आली, हेही पाहिले पाहिजे. संगणकाचा कार्यक्रम लिहून देणे हे एका अर्थाने कारागिरीचे काम. तो कार्यक्रम का हवा, बँकेने आपले काम कसे बदलावे, हे सांगणे सल्लागाराचे काम, आणि त्याचा मोबदला अधिक. म्हणून भारतीय संगणक कंपन्या एकामागून एक सल्ल्याच्या पायरीवर चढू लागल्या. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीच्या तर नावातच 'कन्सल्टन्सी' होते. विप्रोने २००३ मध्ये 'नर्व्हवायर' ही अमेरिकन सल्लागार संस्था घेतली. २०२१ मध्ये बँका आणि वित्तसंस्थांना सल्ला देणारी 'कॅपको' ही लंडनस्थित संस्था सुमारे १४५ कोटी डॉलरना घेतली. तोवरची ही विप्रोची सर्वांत मोठी खरेदी होती. अमळनेरच्या तेलाच्या घाण्यापासून लंडनच्या सल्लागारापर्यंतचा हा प्रवास पाऊणशे वर्षांचा आहे. दरम्यान साबणासारखे जुने व्यवसाय २०१३ साली 'विप्रो एंटरप्रायझेस' या वेगळ्या कंपनीत गेले.

आता या इतिहासाचा अमळनेरला जाणवलेला भाग. सुरुवातीच्या काळात गावातील काही शेतकरी, व्यापारी आणि नोकरदार घरांनी कंपनीचे शेअर घेतले आणि ते विकले नाहीत. १९९९ मध्ये एका शेअरचे पाच झाले. २००४ मध्ये प्रत्येक शेअरमागे दोन बक्षीस मिळाले, म्हणजे पाचाचे पंधरा. २००५ मध्ये एकास एक, म्हणजे तीस. सहा वर्षांत एका कागदाचे तीस कागद झाले. पुढेही बक्षीस शेअर मिळत राहिले. वृत्तपत्रे अमळनेरला कोट्यधीशांचे गाव म्हणू लागली.

एकाच कंपनीचे असे दोन इतिहास आहेत. एक पाळीवर जाऊन पगार घेणाऱ्यांचा, दुसरा कागद जपून ठेवणाऱ्यांचा. दोघेही कंपनीशी प्रामाणिक राहिले. फळ मात्र सारखे मिळाले नाही. पगार हा श्रमाचा मोबदला असतो, वाटा हा भाकरीचा. अर्थात येथे सावध राहिले पाहिजे. प्रताप मिलही एके काळी अढळ वाटत होती आणि तिचा भोंगा पुढे थांबला. ज्यांचा कागद फळला त्यांची गोष्ट गाव सांगते, ज्यांचा कुजला त्यांची कोणी सांगत नाही. त्यामुळे 'शेअर घ्या' असा उपदेश या इतिहासातून निघत नाही. पगाराचा आकडा म्हणजे कंपनीतला वाटा नव्हे, एवढेच निघते.

५. जमा

आता सल्लागार संस्थेकडे वळू. १९२६ साली जेम्स मॅकिन्झी या गृहस्थांनी शिकागोत आपल्या नावाची संस्था काढली. आज ती जगातील अग्रगण्य सल्लागार संस्था मानली जाते. हे मॅकिन्झी शिकागो विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आमच्यासारख्यांनी विसरू नये. सल्ल्याचा आधुनिक धंदा अध्यापकाच्या टेबलावरही जन्मला आहे.

जमेची पहिली नोंद शिक्षणाची. अशा संस्थेत नव्याने लागलेल्या मुलाने लिहिलेले पान वरिष्ठ तपासतात, खोडतात, परत देतात. पुन्हा लिहून घेतात. निष्कर्ष आधी, कारणे मागून. एका परिच्छेदात एकच मुद्दा. प्रत्येक आकड्याला आधार. एम.ए.च्या दोन वर्षांत आमच्या विद्यार्थ्याचे लेखन जितक्या वेळा तपासले जाते त्याहून अधिक वेळा तिथल्या नवख्याचे लेखन दोन महिन्यांत तपासले जात असेल, हे मान्य करण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही.

दुसरी नोंद अनुभवाच्या विस्ताराची. तीन-चार वर्षांत बँक, रुग्णालय, बंदर, साखर कारखाना असे अनेक व्यवसाय आतून पाहायला मिळतात. एका कारखान्यात जन्म काढणाऱ्याला हे शक्य नसते.

तिसरी नोंद खानदेशापुरती सर्वांत मोलाची. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. नामांकित व्यवस्थापन संस्थांतूनच निवड करणाऱ्या मूठभर सल्लागार कंपन्यांचे दार आमच्या मुलांना अजूनही अरुंद आहे. परंतु संगणक आणि सल्ला अशी जोड असलेल्या मोठ्या कंपन्यांनी चोपडा, पाचोरा, साक्री, शिरपूर इथल्या मुलांना दार उघडले. वाटण्या होऊन दोन-तीन एकरांवर आलेल्या शेतीतून जे कर्ज फिटले नसते ते या पगारातून फिटले. धाकट्या बहिणीचे शिक्षण झाले. मुलगी एकटी पुण्यात राहून नोकरी करते, हे घराने आधी नाइलाजाने आणि मग अभिमानाने स्वीकारले. या बदलाला तुच्छ लेखणारी साहित्यदृष्टी आम्हांला मान्य नाही.

चौथी नोंद नावाची. मोठ्या संस्थेचे नाव सोडल्यावरही सोबत राहते. ज्याच्या मागे आडनावाची किंवा ओळखीची पुण्याई नाही, त्याला पुढची दारे उघडण्यास हे नाव शिफारसपत्रासारखे उपयोगी पडते.

६. खर्च

खर्चाची पहिली नोंद तासाची आहे. गिरणी कापड विकते. सल्लागार संस्था आपल्या माणसांचे तास विकते. कर्मचारी रोज कोणत्या ग्राहकासाठी किती तास गेले ते भरून देतो. ग्राहकाकडून त्या वेळेचा जो दर घेतला जातो तो त्याच्या पगाराच्या कित्येक पट असतो. वर थोडे भागीदार आणि खाली पुष्कळ तरुण, अशी उतरंड असल्याशिवाय हा हिशेब बसत नाही. म्हणूनच पुष्कळ संस्थांत 'वर चढा नाहीतर बाहेर पडा' हा नियम चालतो. संगणक कंपन्यांत काम नसलेल्या माणसाला 'बेंच'वर बसवतात. शाळेत बाक हे शिकण्याचे ठिकाण. येथे ते टांगणीचे. कसोटी भाकरीतील वाट्याची लावली तर खालच्या पायरीवरील सल्लागार हा मोठ्या पगाराचा पाळीकामगारच ठरतो.

दुसरी नोंद शरीराची. गिरणीचा भोंगा सुटताना वाजत असे. सल्लागाराच्या कामाला सुटण्याचा भोंगा नाही. २०२४ च्या जुलैत पुण्यातील एका बड्या संस्थेत चारच महिन्यांपूर्वी रुजू झालेली एक तरुण सनदी लेखापाल मरण पावली. अतिश्रमाचा आरोप करणारे तिच्या आईचे पत्र सप्टेंबरात देशभर वाचले गेले. संस्थेने तो आरोप मान्य केला नाही. एका मृत्यूवरून सर्व संस्थांचा न्याय करू नये हे खरे. पण त्या पत्राने पुण्यात मुले पाठवणाऱ्या खानदेशातील घरांनाही जो प्रश्न विचारायला लावला, तो पगाराच्या कागदावर कुठे छापलेला नसतो.

तिसरी नोंद परिणामांच्या जबाबदारीची. तेवीस वर्षांचा बुद्धिमान तरुण तीस वर्षे काम केलेल्या माणसांच्या कारखान्यात जातो, सहा आठवडे आकडे गोळा करतो आणि कोणता विभाग बंद करावा ते सांगतो. त्याचे गणित बरोबरही असेल. परंतु विभाग बंद होताना तो तिथे नसतो. १८५२ ची साखळी आणि आजचा संगणक यांत साधनांचा फरक आहे. मोजणारा निघून जातो आणि मोजला गेलेला राहतो, ही रचना तीच आहे. तरुण वयात परिणामांपासून इतके सुरक्षित राहणे मनाला चांगले नाही. चूक कळण्याची संधीच त्यात मिळत नाही.

चौथी नोंद संस्थेच्या पापाची. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे परिचित आहे. डिसेंबर २००१ मध्ये ती कंपनी बुडाली. 'आर्थर अँडरसन' ही जुनी संस्था एकीकडे तिचे हिशेब तपासत होती आणि दुसरीकडे तिला सल्लाही देत होती. २००२ मध्ये तीही कोसळली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्याविरुद्धचा निकाल फिरवला. पण तोवर संस्था उरली नव्हती. ज्यांनी एन्रॉनचा एकही कागद पाहिला नव्हता अशा हजारो माणसांना आपली जागा सोडावी लागली. मोठ्या नावाची सावली मिळते तेव्हा त्या नावाचा डागही वाट्याला येतो.

७. दप्तर कोणाचे?

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक नोंद वेगळी काढली पाहिजे. सल्लागाराचे काम हे मुख्यतः लेखन आहे. तो वाचतो, विचारतो, मांडतो, लिहितो. पण त्या लेखनावर त्याचे नाव नसते, ते ग्राहकाच्या मालकीचे होते आणि गुप्त राहते. दहा वर्षे उत्तम गद्य लिहून ज्याच्याजवळ दाखवायला एक पान नाही, असा हा लेखक आहे.

याच्या उलट टोकाला धुळ्याने एक माणूस पाहिला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यावरची, अडगळीतली दप्तरे जमवली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढू लागले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. मतभेद होताच ते तिथून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि लगेचच्या वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांनी जमवलेले दप्तर तिथे अभ्यासकांना खुले आहे. राजवाड्यांच्या मागे संस्था नव्हती, पगार नव्हता, आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. ही वाट प्रत्येकाने धरावी असे कोणी म्हणणार नाही. पण ज्ञान कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या दप्तरात जसे स्वच्छ मिळते तसे कोणत्याही सल्लागार संस्थेच्या अहवालात मिळत नाही.

तिसरी वाट जळगावची. भवरलाल जैन यांनी हाती येणारी सरकारी नोकरी न स्वीकारता १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलची विक्री सुरू केली. पुढे पाइप आणि ठिबक सिंचन आले. ठिबकाबरोबर शेतकऱ्याला पाणी किती द्यावे, खत केव्हा द्यावे, हा सल्लाही आला. हा सल्ला वस्तूला बांधलेला होता. केळीचे घड भरले नाहीत तर शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात उभा. व्यवसाय करणे निर्धोक असते असे यातून सुचवायचे नाही. त्याच कंपनीला पुढे कर्जाचे ओझे असह्य झाले आणि २०२२ साली कर्जाची फेररचना करावी लागली. परंतु सल्ला देणारा आणि सल्ला घेणारा एकाच तालुक्यात राहतात तेव्हा सल्ल्याची जात बदलते, हे जळगावने पाहिले आहे.

८. तासाचा हिशेब

सल्लागार संस्था तास विकते म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आम्हा अध्यापकांना कितपत आहे? आज महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत कितीतरी सहकारी तासिका तत्त्वावर शिकवतात. नेट-सेट उत्तीर्ण, कोणी पीएच.डी. झालेले, मोबदला शिकवलेल्या तासाचा, नेमणूक सत्रापुरती, सुटीचे महिने कोरडे. सल्लागाराचा तास निदान महाग विकला जातो. खानदेशचेच भालचंद्र नेमाडे यांनी १९७० च्या दशकात 'बिढार' ते 'झूल' या कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील या प्राध्यापकाची गावोगावच्या महाविद्यालयांतील भटकंती लिहिली. विद्यादानाच्या पवित्र नावाखाली संस्था माणसाला कशी वागवते, हे मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे. तेव्हा 'तुमची कंपनी, आमची ज्ञानसाधना' अशी विभागणी आता टिकत नाही.

तरीही एक फरक उरतो, आणि तो आम्हांला मोलाचा वाटतो. वर्गात दिलेला तास विद्यार्थ्याच्या मालकीचा होतो. तो त्याला घरी नेता येतो, विसरता येतो, वीस वर्षांनी आठवता येतो, आमच्याविरुद्ध वापरताही येतो. ग्राहकाला विकलेला तास कराराच्या कागदात मिटून जातो.

म्हणून मोठ्या सल्लागार संस्थेत जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही 'जाऊ नकोस' असे सांगत नाही. जे शिक्षण, जो पगार आणि जे नाव तिथे मिळते ते आमच्या भागातल्या मुलाला दुसरीकडे इतक्या लवकर मिळणे कठीण आहे. पण आरंभी घेतलेल्या तीन कसोट्या त्याने दारातच लावाव्यात. आपले तास कोणाकडे आणि किती वर्षांसाठी गहाण ठेवत आहोत, याची मुदत स्वतः ठरवावी. साने गुरुजींना अमळनेरात सहा वर्षे पुरली. भाकरीत आपला वाटा किती, हे पगाराच्या आकड्यापलीकडे जाऊन पाहावे. आणि ज्याच्या घरादारावर आपल्या सल्ल्याचा परिणाम होणार आहे, त्या माणसाशी अहवाल देण्यापूर्वी एकदा तरी, शक्य तर त्याच्याच भाषेत, बोलावे. अहवालात त्या संभाषणाला जागा नसेल. सल्ला देणाऱ्याच्या मनात मात्र ती राहील, आणि मसलत या शब्दाचा जुना अर्थ तेवढ्यापुरता तरी जिवंत राहील.